नदी पाहून काठी

कोणतेंही साधन विकत घेतांना आपल्यांतील सुशिक्षित गृहस्थ बहुधा तीन प्रश्न विचारतो : किंमत काय, टिकेल किती, आणि याहून मोठें मिळेल काय? तें कोठें वापरावयाचें, हा चौथा प्रश्न मागें पडतो. वस्तुतः अग्रपूजेचा मान त्याचा. या महिन्यांत आम्हांपुढें आलेला विषय याच चौथ्या प्रश्नाचा आहे. लहान नदीवर मासे धरावयाची गळाची काठी किती लांब असावी, हा तो विषय. आमच्या नित्याच्या वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु प्रश्न एका वाचक-कुटुंबांतूनच आला आहे.

या कुटुंबांतील एक चिरंजीव नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशांतील कुलू जिल्ह्यांत सहकुटुंब राहतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलास तीर्थन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर ट्राउट मासे धरण्याचा नाद लागला आहे, व वाढदिवसास त्याला काठी हवी आहे. पुण्याचे काका म्हणतात, घ्यावयाची तर नऊ फुटी घ्यावी. मुलगा म्हणतो, सात फूट पुरे. आजी म्हणतात, काठीच नको. तिघांनींही आमचा अभिप्राय मागितला आहे. आजींच्या म्हणण्याकडे आम्ही शेवटीं वळूं. तें सर्वांत कठीण आहे.

ब्राह्मणाच्या घरांत मासे धरण्याच्या विद्येचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास एवढेंच सांगतों कीं, कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११३० सालीं रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें एक प्रकरणच आहे. विषय जाणणें आणि तो आचरणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. जाणण्यास आडकाठी नसावी.

आतां काठीकडे वळूं. साध्या गळाच्या दोरीला शिशाचा तुकडा बांधतात. त्या वजनानें दोरी दूर जाते. ट्राउटसाठीं वापरावयाच्या या पद्धतींत मात्र गळावर पिसें व दोरा गुंडाळून कृत्रिम माशी केलेली असते, आणि तिला वजन असें जवळजवळ नसतेंच. म्हणून दोरीच जड करितात व तीच फेंकितात. या दोऱ्यांस वजनावरून क्रमांक दिलेले असतात. पहिल्या ३० फुटांचें वजन तिसऱ्या क्रमांकाच्या दोरींत सुमारें साडेसहा ग्रॅम, तर पांचव्या क्रमांकाच्या दोरींत सुमारें नऊ ग्रॅम भरतें. काठी ही येथें केवळ दांडा नव्हे, तर स्प्रिंग होय. दोरी मागें झुगारली म्हणजे तिच्या ओढीनें काठी वांकते, आणि सरळ होतांना दोरीस पुढें ढकलते. यावरून एक गोष्ट उघड होते : जी दोरी पुढें जावयाची, ती आधीं मागें उलगडावी लागते. मोठ्या नदीवर पाठीमागें मोकळें आकाश असतें. ओढ्यावर पाठीमागें झाड असतें. सगळा वाद या झाडापासून सुरू होतो.

लांब काठीचे गुण थोडे नाहींत. ती दूर पोंचते. ती दोरीस पाण्यापासून वर उचलून धरते. ओढ्यांत एक धार वेगानें धांवते व तिच्या शेजारचें पाणी संथ असतें. दोरी वेगाच्या धारेंत सांपडली कीं माशी अस्वाभाविकपणें ओढली जाते आणि मासा सावध होतो. लांब काठीनें हें टळतें. आंखूड काठीचा गुण एकच, पण मोठा : ती फांद्यांच्या खालीं मावते. शिवाय ती हातास हलकी असते, आणि लहान ओढ्यावर मासा पंधरा ते तीस फुटांपलीकडे क्वचितच असल्यामुळें दूरच्या फेंकीची गरजच पडत नाहीं.

म्हणून सामान्य नियम असा सांगतां येईल. दोन्ही कांठांचीं झाडें वर एकमेकांस भिडलेलीं असतील, तर सहा ते सात फूट काठी व तिसऱ्या क्रमांकाची दोरी. कांठ बराचसा मोकळा असेल, तर साडेसात ते साडेआठ फूट. रुंद नदी आणि वारा असेल, तर काकांची नऊ फूट व पांचवा क्रमांक.

परंतु ‘लहान नदी तर लहान काठी’ असें सूत्र पाठ करून ठेवण्यांतही फसगत आहे. जपानांतील डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा नांवाची पद्धत चालते. तींत दोरी गुंडाळण्याची चक्री नसते. दोरी काठीच्या टोंकासच बांधतात, आणि काठी अकरा ते तेरा फूट असते. ओढे लहान, पण वरची बाजू मोकळी. पाणी मोठमोठ्या दगडांमधून छोट्या छोट्या डोहांत उतरणारें. तेथें दोरी पाण्यास लागूं न देणें हेंच मुख्य. इंग्लंडांत डव्ह नदीच्या कांठीं राहणारे चार्ल्स कॉटन यांनीं आयझॅक वॉल्टन यांच्या ग्रंथास १६७६ सालीं जोडलेल्या भागांत काठीची लांबी नदीच्या रुंदीवर ठरवावी असें सांगितलें, व ट्राउटच्या नदीस पांच ते सहा यार्ड, म्हणजे पंधरा ते अठरा फूट, पुरेशी मानिली. त्यांचें तत्त्व आजही खरें आहे. त्यांचा आंकडा मात्र त्यांच्या नदीचा व त्यांच्या साधनांचा.

तेव्हां निर्णय दुकानांत करूं नये. घरांतील धुणें वाळत घालावयाची काठी घेऊन ओढ्यावर जावें, नेहमीच्या जागीं उभें राहावें, आणि ती डोक्यावरून मागें-पुढें हालवून पाहावी. फांदीला लागते तेथें मर्यादा आली. मुलगा रोज त्या ओढ्यावर उभा राहतो. काका पुण्यास असतात. लांबीपुरता आमचा कौल मुलाच्या बाजूनें आहे.

आतां आजी. ‘ज्याला खायचें नाहीं त्याला टोचायचें कशाला?’ असें त्या विचारतात. पकडून सोडून दिल्यास हिंसा होत नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें आहे. हें उत्तर पुरेसें नाहीं. ट्राउटच्या तोंडाशीं वेदना ओळखणारे ज्ञानतंतू असल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें गेलें आहे. फार वेळ झुंजविलेला मासा सोडल्यावरही मरूं शकतो. कोरड्या हातानें धरल्यास त्याच्या अंगावरचा रक्षक बुळबुळीत थर निघतो. आणि पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होऊन त्याची दमछाक वाढते. म्हणून कांटा नसलेला गळ, ओले हात, मासा पाण्यांतच ठेवून सुटका, उन्हाळी दुपारीं विश्रांति, सरकारी परवाना आणि हिवाळ्यांतील अंडीं घालण्याच्या काळांत पूर्ण बंदी, एवढें तरी पाळलेंच पाहिजे. काठी फार लवचीक घेतल्यास झुंज लांबते, हेंही ध्यानांत असावें. इतकें करूनही आजींच्या प्रश्नाचें बळ कमी होतें, संपत नाहीं.

आमच्या मतें या घरांत फुटांचा वाद इतका रंगण्याचें कारण निराळेंच आहे. सात कीं नऊ, याची चर्चा चालू असेतोंपर्यंत आजींस उत्तर द्यावें लागत नाहीं. काठी किती लांब, हें ओढा सांगेल; काठी हवी कीं नको, हें ओढा सांगणार नाहीं. तें मुलानें स्वतः आजींजवळ बसून, तिचें सारें ऐकून घेऊन ठरवावें. थोरांनीं मध्यें पडूं नये, आणि आजींस नकळत पार्सल तर मुळींच पाठवूं नये. चौदा वर्षांच्या मुलास एवढा विचार झेपत नाहीं, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्याच्या हातीं गळही देऊं नये.