मुंग्या दिसल्या म्हणून प्रिंट खराब ठरवू नका

झॅक स्नायडरचा ‘३००’ घरी मोठ्या टीव्हीवर लावला की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “प्रिंट खराब आहे, मुंग्या येताहेत.” थोडं थांबा. डिस्क परत करू नका, रिमोटकडेही हात नेऊ नका.

फ्रँक मिलर यांच्या चित्रकथेवरचा हा २००७ सालचा सिनेमा जवळजवळ सगळा मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत, निळ्या पडद्यापुढे चित्रित झाला. आभाळ, कडे, समुद्र मागाहून भरले. मग रंगांवर मुद्दाम जबरदस्ती केली: काळं आणखी काळं, उजेड भगभगीत, बाकी सारं तांबूस-सोनेरी आणि त्यात स्पार्टन झग्यांचा लाल. ३५ मिमी फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचे मुळातले बारीक कणही त्यात वर उठून आले; मुंग्या वाटतात त्या याच. कागदावरचं चित्र हलतंय असं वाटावं, हाच हेतू होता. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाचा लख्खपणा इथे शोधला तर निराशाच होणार.

म्हणजे दोष नसतातच असं नाही. ग्रेन बारीक वाळूसारखा चित्रभर पसरलेला असतो आणि प्रत्येक फ्रेमला बदलतो. चित्र फार दाबून बसवलं असेल, तर अंधारात आणि धुरात चौकोनी ठोकळे दिसतात, आभाळात रंगांचे पट्टे पडतात. तो खरा दोष. त्याबद्दल जरूर तक्रार करा. चेहरे नीट पाहा. दाढीचे केस, कपाळावरची धूळ, घाम दिसायला हवा. ‘प्रिडेटर’ या सिनेमाच्या २०१० सालच्या ब्ल्यू-रेमध्ये ग्रेन इतका पुसला गेला की माणसं मेणाची वाटू लागली. ‘स्वच्छ’ चित्राच्या आग्रहापायी तपशीलच गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

आपले टीव्हीही घरबसल्या तेच करतात. नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस उतरवा, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, पडदे ओढा.

तरी काळ्यात काहीच दिसत नाही अशी शंका असेल, तर त्याच टीव्हीवर साध्या उजेडात चित्रित केलेला, तुमच्या पाहण्यातला एखादा सिनेमा लावा. तिथेही काळे केस आणि काळा कोट एकच डाग होत असतील, तर ब्राइटनेस तपासा. होत नसतील, तर ‘३००’ पुन्हा लावा, आहे तसाच.