दह्याची वाटी आणि मद्याचा पेला

गेल्या गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी सपत्नीक भेटावयास आला होता. आतां मोठ्या हुद्द्यावर आहे; वागणूक पूर्वीप्रमाणेंच नम्र. बोलतां बोलतां त्यानें खिशांतून एक लहानशी पुडी काढून मला दाखविली. "गुरुजी, हिच्यांत कोट्यवधि उपकारक जंतु आहेत. रात्रीं मित्रमंडळींत दोन पेले झाले, तरी सकाळीं ही घेतली कीं यकृतास धोका नाहीं." तो हंसत होता, त्याची पत्नी मात्र खालीं मान घालून बसली होती. त्या वेळीं मी कांहींच बोललों नाहीं. आज लिहितों, कारण हा समज त्याच्या एकट्याचा नसावा.

प्रथम त्याच्या म्हणण्यांत सत्य किती, तें पाहूं. आपल्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वसति करून असतात. त्यांतील पुष्कळ निरुपद्रवी, कांहीं उपकारक, तर कांहीं केवळ संधीची वाट पाहणारे. ही वसति आणि आपलें रक्त ह्यांच्या मध्यें आंतड्याचें जें अस्तर आहे, तें अवघ्या एका पेशीच्या जाडीचें असून त्यावर श्लेष्माचा लेप असतो. आंतड्यांतून निघालेलें रक्त सरळ हृदयाकडे न जातां एका मोठ्या शिरेवाटे आधीं यकृतांत जातें. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश ह्याच वाटेनें येतें. गृहिणी धान्य जसें आधीं सुपांत घेऊन निवडते, तसें शरीर पोटांतून आलेलें सर्व कांहीं आधीं यकृताच्या हातीं देतें.

मद्य ह्या यकृतावर दोन वाटांनीं घाला घालतें. एक वाट बहुतेकांस ठाऊक आहे. मद्याचें विघटन मुख्यतः यकृतच करतें, आणि त्या क्रियेंत निघणारें ॲसिटाल्डिहाइड नामक द्रव्य त्याच्याच पेशींस विषवत् होतें. दुसरी वाट आंतड्यांतून जाते. नित्याच्या मद्यपानानें अस्तराच्या पेशींचे सांधे सैल होतात, जंतूंच्या वसतींतील समतोल बिघडतो, आणि कित्येक जंतूंच्या कवचांतील विषारी अंश रक्तांत झिरपून यकृतांत पोंचतो. शत्रु आला असें समजून तेथील रक्षक पेशी दाह पेटवितात. तो दाह वर्षानुवर्षें चालला म्हणजे यकृताचा मृदु भाग जाऊन त्याच्या जागीं कठीण तंतु येतात.

ह्या दुसऱ्या वाटेचा पुरावा भक्कम आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं पांढऱ्या उंदरांस मद्यासमवेत लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतु दिले, तेव्हां त्यांच्या यकृताची हानि कमी झाली. १९९५ मध्यें आंतड्यांतील जंतूच औषधांनीं मारून पाहिले. तेव्हांही हानि टळली. २०१९ मध्यें तर एंटेरोकॉकस फीकॅलिस ह्या जंतूच्या कांहीं जाती एक विष निर्माण करतात, आणि मद्यजन्य यकृतदाहाच्या ज्या रुग्णांत तें विष करणारे जंतु आढळले त्यांतील ८९ टक्के १८० दिवसांच्या आंत दगावले, असें प्रसिद्ध झालें. ज्यांच्यांत ते नव्हते, त्यांत हें प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होतें. तेव्हां माझा विद्यार्थी अगदींच निराधार बोलत नव्हता.

परंतु मनुष्यांवरील प्रयोग नीट वाचावा. २००८ सालीं रशियांतील ६६ मद्यासक्त रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहींस पांच दिवस उपकारक जंतु दिले, इतरांस नेहमींचे उपचार दिले. जंतु घेणाऱ्यांच्या रक्तांतील यकृतहानीचीं चिन्हें अधिक उतरलीं. मात्र हे सर्व रुग्ण रुग्णालयांत होते. दोन्ही गटांचें मद्य बंद होतें! पेला खालीं ठेवल्यावर पुडीनें साह्य केलें, पेला हातांत असतां नव्हे. उंदरांतही मद्य चालूं असतां हानि उणी झाली, नाहींशी झाली नाहीं. आणि पहिली वाट तर कोणताही जंतु बुजवूं शकत नाहीं. एका हातानें भिंत पाडावी आणि दुसऱ्यानें तिला गिलावा करावा, असा हा उद्योग आहे.

आपल्या घरचें दहींताक उत्तम अन्न आहे. चरकाचार्यांनीं अर्श आणि ग्रहणी ह्या विकारांत ताकाची थोरवी गाइली आहे. पण तो आधार ओढूनताणून मद्यपानाकडे नेऊं नये.

हें मी केवळ वाचून सांगत नाहीं. माझा धाकटा बंधु मद्य घेई. घरांत सर्वांस ठाऊक होतें. पण पाहुण्यांपुढें आम्ही "त्याला पित्ताचा त्रास आहे" असें म्हणत असूं. आई त्याच्या ताटाशीं न चुकतां ताकाचें भांडें ठेवी. मी वडील बंधु आणि शाळामास्तर. परक्या मुलांस रोज चार गोष्टी सांगत असें, त्यास मात्र एक शब्द बोललों नाहीं. डोळे पिवळे झाले तेव्हां वैद्याकडे नेलें. सेहेचाळिसाव्या वर्षीं तो गेला.

यकृत फार सोशिक आहे; बहुधा दुखत नाहीं, म्हणून कळत नाहीं. पण तें क्षमाशीलही आहे. मद्यामुळें त्यांत सांठलेली चरबी मद्य सोडल्यावर बहुधा कांहीं आठवड्यांत उतरूं लागते. ज्यांच्या घरीं कोणी असा असेल, त्यांनीं "पित्त" हा शब्द आधीं सोडावा आणि त्यास डॉक्टरांकडे न्यावें. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें मद्य एकाएकीं सोडल्यास झटके येण्याचें किंवा वातभ्रमाचें भय असतें. म्हणून तेंही डॉक्टरांच्या देखरेखीखालीं करावें. ज्याचें यकृत फार बिघडलें आहे, त्यानें जंतूंची पुडीसुद्धां स्वतःच्या मनानें घेऊं नये.

त्या विद्यार्थ्यास मीं हें सर्व पत्रानें कळविलें आहे. उत्तर अद्याप आलें नाहीं. तो रागावला असेल, तर रागावो. एकदां गप्प बसण्याचें मोल मीं दिलें आहे.