साठीनंतरचा गल्ला

सरकारी नोकर कोणत्या वर्षी निवृत्त होणार हे त्याला रुजू होतानाच माहीत असते. आमच्या शिंप्याला, मणियाराला, बागवानाला आणि बकऱ्यांच्या व्यापाऱ्याला अशी तारीख कोणी सांगत नाही. डोळे साथ देईनात, गुडघे धरले की त्याच दिवशी त्याची निवृत्ती होते. त्या दिवशी हातात काय असेल, याचा हिशेब आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात किती दुकानदारांनी मांडला आहे?

विचारले की उत्तर येते, “दुकान आहे ना!” इथेच गफलत होते. दुकानातला माल म्हणजे भांडवल, ती बचत नव्हे. उधारी तर त्याहून कच्ची. 1972 चा दुष्काळ आणि 2015-16 ची पाणीटंचाई या जिल्ह्याने पाहिली आहे. शेतकऱ्याचे पीक गेले की पहिली उधारी बुडते ती आमचीच. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने उमरगा-लोहारा भागात घरे आणि दुकाने एका पहाटेत जमीनदोस्त केली. ज्याचे सर्वस्व दुकानात, त्याचे म्हातारपणही दुकानाबरोबर धोक्यात.

वयाप्रमाणे तुलना करावी ती शेजाऱ्याच्या हेव्यासाठी नव्हे, स्वतःला आरसा दाखवण्यासाठी. साधा हिशेब पाहा. साठीपर्यंत 4 लाख 20 हजार रुपये बाजूला काढायचे असतील, तर पंचविशीत सुरू करणाऱ्याला महिना 1,000 रुपये पुरतात. चाळिशीत सुरू करणाऱ्याला 1,750 लागतात आणि पन्नाशीत जागा होणाऱ्याला 3,500. यात व्याजाचा एक पैसा धरलेला नाही. हा फरक केवळ वर्षांचा आहे.

सरकारी योजनांतही हेच दिसते. 2015 मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना 5,000 रुपये मिळावेत म्हणून 18 व्या वर्षी महिना 210 रुपये भरावे लागतात, 30 व्या वर्षी 577 आणि 40 व्या वर्षी 1,454. लहान व्यापाऱ्यांसाठी 2019 मध्ये आलेल्या योजनेत वयानुसार 55 ते 200 रुपये भरायचे, तितकेच सरकार घालते, आणि साठीनंतर महिना 3,000 रुपये देण्याची हमी आहे. दोन्हींचे दार 18 ते 40 या वयातच उघडे असते आणि आयकर भरणाऱ्यांना दोन्हींत प्रवेश नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या बापाने निदान मुलाला तरी वेळेत जागे करावे.

व्याजाचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही टाळत नाही. अशा योजनांचा पैसा रोख्यांतही गुंततो. तेव्हा आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा. पण व्याज नको म्हणून बचतच नको, हा निष्कर्ष चुकीचा आहे. भाड्याने देता येईल असा गाळा, सोने, दारू व व्याजाचे धंदे वगळून शेअर घेणारे फंड, हे मार्ग आहेत. शेअरचा भाव खालीही येतो, म्हणून त्यात लांबच्या मुदतीचाच पैसा घालावा. रोकड नुसती पेटीत ठेवली तर महागाई ती खाते. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत रुपयाची ताकद निम्मी होते.

आणि “हलाल नफा” या शब्दावर भाळू नये. बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी ही कंपनी जून 2019 मध्ये कोसळली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. दरमहा भरघोस नफ्याचा वायदा करणाऱ्याला आधी विचारा, हा नफा येतो कोणत्या धंद्यातून?

आमची सूचना सोपी आहे. जकातीसाठी आपण दरवर्षी मालाची मोजदाद करतोच. बाजारभाव लावतो, येणारी उधारी मिळवतो, देणे वजा करतो. त्याच दिवशी वहीच्या दुसऱ्या पानावर दोन आकडे लिहावेत: आपले वय, आणि दुकानाबाहेर असलेली पुंजी. मुलीच्या लग्नाचा व हजचा पैसा त्यात धरू नये. आमच्या मते चाळिशीपर्यंत निदान एका वर्षाचा घरखर्च आणि पन्नाशीपर्यंत पाच वर्षांचा घरखर्च असा बाजूला असावा. गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला नसेल तर लग्नाच्या जेवणावळीवर कात्री चालवावी, भिशीचा नंबर लागला की ती रक्कम मालात न घालता बाजूला ठेवावी.

काही बांधव म्हणतात, रिज्क देणारा अल्लाह आहे, चिंता कशाला? बेशक तोच देणारा आहे. पण हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखले, म्हणून दुष्काळाची सात वर्षे निभावली. राखून ठेवणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. मुले पुण्या-मुंबईला गेली, त्यांचेच भागेना, तर म्हाताऱ्या बापाने कोणापुढे हात पसरावा? आयुष्यभर जकात देणाऱ्याचा हात म्हातारपणी घेणारा होऊ नये, एवढ्यासाठी हा हिशेब येत्या रमजानची वाट न पाहता आजच मांडावा.