शस्त्रक्रियेविना बरा झाला गुदाशयाचा कर्करोग. पण हा उपचार कुणासाठी?

प्रभादेवी स्थानकातून परळच्या बाजूला उतरलं की टाटा मेमोरियल रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गुदाशयाचा कर्करोग म्हटलं की अनेकांना आजाराइतकीच धास्ती असते ती पोटावर लागणाऱ्या कायमच्या पिशवीची. ती टळू शकते का?

संशोधन काय सांगतं?
न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने जून २०२२ मध्ये १२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिने डोस्टारलिमॅब दिल्यावर सर्वांच्या गाठी नाहीशा झाल्या. २०२५ पर्यंत अशा ४९ रुग्णांमध्ये हेच दिसलं. कर्करोगाने रोगप्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक हे औषध काढतं.

सर्वांना चालेल?
नाही. ज्यांच्या गाठीतल्या पेशींची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, त्यांनाच. असे रुग्ण साधारण ५ ते १० टक्के. ते ओळखण्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर 'एमएमआर' चाचणी होते.

खर्चाचं काय?
इम्युनोथेरपी महागडी आहे. डोके-मानेच्या कर्करोगात टाटाच्याच डॉक्टरांनी निव्होलुमॅबचा अवघा २० मिलिग्रॅमचा डोस वापरून पाहिला. वर्षभरानंतर हयात रुग्णांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. मात्र एका कर्करोगातला निष्कर्ष दुसऱ्याला तसाच लावता येत नाही.

तुम्ही काय कराल?
शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका. निदान झालंच, तर उपचार ठरण्याआधी डॉक्टरांना विचारा: एमएमआर चाचणी झाली का?