दोष चालकाचा की पाण्याचा?



‘याने हे मुद्दाम केले’ असे म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. ते खरे की खोटे हे तपासायचे असेल, तर मात्र कागद, पेन्सिल आणि थोडा धीर लागतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तरीही एकदा हा धीर माझ्यापाशी उरला नव्हता, आणि एका विद्यार्थ्याने मला तो शिकवला. ती हकीकत एका मोटार शर्यतीची आहे.

२ नोव्हेंबर २००८, रविवार. ब्राझीलमधील साओ पावलो शहरातल्या इंटरलागोस या मार्गावर फॉर्म्युला वन स्पर्धेतील त्या वर्षाची शेवटची शर्यत होती. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जगज्जेतेपदासाठी दोघेच उरले होते. इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन ९४ गुणांवर होता, तर ब्राझीलचा फेलिपे मासा ८७ गुणांवर. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या क्रमांकाला १० गुण मिळत आणि पाचव्याला ४, सहाव्याला ३. म्हणजे मासा जिंकला, तर त्याचे ९७ गुण होणार. हॅमिल्टन पाचवा आला, तर त्याचे ९८ होणार आणि तो जगज्जेता ठरणार. तो सहावा आला, तर दोघांचे गुण सारखे होणार. पण मासाने त्या वर्षी अधिक शर्यती जिंकलेल्या असल्यामुळे अजिंक्यपद त्याला मिळणार. सारा प्रश्न पाचव्या आणि सहाव्या क्रमांकातील फरकाचा होता.

शर्यतीपूर्वीच पावसाची जोरदार सर आली आणि सुरुवात दहा मिनिटे लांबली. मग मार्ग वाळला आणि सर्वांनी कोरड्या रस्त्याचे टायर चढवले. एकूण ७१ फेऱ्या होत्या. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पुन्हा पाऊस सुरू झाला. पुढचे बहुतेक चालक आत येऊन पावसाळी टायर बसवून गेले. टोयोटा संघाच्या दोन गाड्या मात्र थांबल्या नाहीत. एक गाडी टिमो ग्लॉकची होती आणि दुसरी यार्नो ट्रुलीची. थांबा घेतला की वीसएक सेकंद जातात. पाऊस वाढला नाही तर ते सेकंद वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. इतर थांबल्यामुळे ग्लॉक चौथ्या क्रमांकावर आला.

अखेरच्या फेऱ्यांत सेबास्टियन वेटेलने हॅमिल्टनला मागे टाकले. हॅमिल्टन सहावा झाला. मासाने पहिल्या क्रमांकाने रेषा ओलांडली. त्याच्या घरच्या प्रेक्षकांनी एकच जल्लोष केला आणि त्याच्या संघाने तर विजय साजराही करायला घेतला. पण त्याच सुमारास मागे, जुन्साव नावाच्या अखेरच्या मोठ्या वळणावर, वेटेल आणि हॅमिल्टन हे दोघेही अगदी संथ झालेल्या ग्लॉकला ओलांडून पुढे गेले. मासानंतर सुमारे ३९ सेकंदांनी हॅमिल्टन पाचवा आला. एका गुणाने अजिंक्यपद त्याचे झाले. ग्लॉक त्याच्या मागोमाग साडेपाच सेकंदांनी पोचला.

लगेच बोलणे सुरू झाले की ग्लॉकने मुद्दाम वाट दिली. चौथ्या क्रमांकावरचा माणूस शेवटच्या फेरीत असा कसा रखडतो? सुट्टी संपून महाविद्यालय उघडल्यावर मीही वर्गात ऐटीत म्हणालो, “यात काहीतरी काळेबेरे आहे.” त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, टोयोटाच्या दुसऱ्या गाडीचे काय झाले?”

मी गप्प झालो. दुसऱ्या गाडीचा मी विचारच केला नव्हता.

मित्रहो, या एका प्रश्नात शास्त्रीय पद्धतीचे सार आहे. एखाद्या औषधाचा गुण तपासताना काही रोग्यांना औषध देतात आणि काहींना देत नाहीत. बाकी सारे सारखे ठेवतात. मग फरक दिसला तरच तो औषधाचा. येथेही तसेच पाहा. ट्रुलीची गाडी तीच, टायर तेच आणि पाऊसही तोच. फरक एवढाच की तो बराच मागे, आठव्या क्रमांकावर होता. तो हळू गेला काय किंवा वेगाने गेला काय, अजिंक्यपद इकडचे तिकडे होणार नव्हते. वाट देण्याचे कारण त्याला नव्हते. त्याची शेवटची फेरी किती वेळात झाली? सुमारे १ मिनिट ४५ सेकंदांत. आणि ग्लॉकची? तीही सुमारे १ मिनिट ४५ सेकंदांतच. दोघांत फरक होता तो सेकंदाच्या किरकोळ अंशाचा.

ज्याला वाट द्यायची होती असे आपण म्हणतो, तो आणि ज्याला वाट देण्याशी कर्तव्य नव्हते तो, असे दोघेही सारखेच मंदावले. मग मंदावण्याचे कारण दोघांत जे समान होते त्यात शोधायला हवे. ते कारण म्हणजे ओल्या रस्त्यावरचे कोरडे टायर.

आता थोडे गणित करू या. गाडी वळते तेव्हा तिला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. सपाट वळणावर ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणच पुरवते. त्यावरून न घसरता जाण्याच्या कमाल वेगाचे सूत्र मिळते:

वेगाचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या

गाडीचे वस्तुमान या सूत्रात कोठेही नाही, हे ध्यानात घ्या. त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण तर पावसाने बदलत नाहीत. बदलतो तो फक्त घर्षण गुणांक.

मार्गाची एक फेरी ४.३०९ किमीची आहे. त्या दिवशीची सर्वांत जलद फेरी मासाची होती. मार्ग वाळलेला असताना त्याने ती ७३.७ सेकंदांत पुरी केली. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे २१० किमी. ग्लॉकच्या शेवटच्या फेरीचा सरासरी वेग ताशी सुमारे १४८ किमी. दोन्ही वेगांचे गुणोत्तर सुमारे ०.७ येते. त्याचा वर्ग सुमारे ०.५. म्हणजे या सोप्या हिशेबाने घर्षण निम्म्यावर आले होते.

हा हिशेब ढोबळ आहे, हे कबूल करायलाच हवे. सरळ भागात वेग घर्षणापेक्षा एंजिनवर अधिक अवलंबून असतो. शिवाय या गाड्यांचे पंख हवेच्या दाबाने गाडीला रस्त्यावर दाबून धरतात, आणि वेग कमी झाला की हा दाबही कमी होतो. पहिली गोष्ट धरली तर घर्षण आणखी घटले असे निघेल. दुसरी धरली तर काहीसे कमी घटले असे. पण अंदाज घ्यायला हे उत्तर पुरेसे आहे. घर्षण निम्मे झाले असेल, तर इतका उशीर होण्यासाठी कोणाच्याही कटाची गरज नाही.

घर्षण एवढे का घटावे? टायरची रुंदी ३० सेंमी आणि रस्त्यावरील पाण्याचा थर १ मिमी समजा. वेग ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. तर एका टायरला दर सेकंदाला १५ लिटर पाणी बाजूला सारावे लागेल, म्हणजे जवळजवळ एक बादली! टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याची लांबी १५ ते २० सेंमी धरली, तर पाण्याला निसटून जायला मिळणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तिपटी-चौपटीइतकाच. तेवढ्यात पाणी गेले नाही, तर रबर पाण्यावरच तरंगते. पावसाळी टायरांवर खोल, आडव्यातिरक्या खाचा असतात त्या याचसाठी. पिरेली कंपनी आजच्या आपल्या टायरांबद्दल सांगते की ताशी ३०० किमी वेगाला मध्यम पावसाचा टायर सेकंदाला ३० लिटर आणि मुसळधार पावसाचा टायर ८५ लिटर पाणी दूर करतो.

येथे एक गंमत आहे. २००८ साली कोरड्या टायरांवरही चार खाचा होत्या. मग त्या उपयोगी का पडल्या नाहीत? कारण त्या पाण्यासाठी नव्हत्याच. वळणावरचा वेग कमी व्हावा म्हणून रस्त्याला टेकणारे रबर कमी करायचे, या हेतूने १९९८ पासून नियमाने त्या पाडायला लावल्या होत्या. पुढे २००९ मध्ये त्या काढून टाकण्यात आल्या.

दुसरे कारण उष्णतेचे. शर्यतीच्या टायरचे रबर चांगले तापल्यावरच मऊ होऊन रस्त्याला धरते. पाणी त्याला थंड करते. थंड रबर कडक होते आणि पकड सुटते. पकड सुटली की चालक वेग कमी करतो. वेग कमी झाला की रबराचे दबणे-ताणणेही कमी होते, आणि ते आणखी थंड होते. मग पकड आणखी सुटते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की घसरण हळूहळू होत नाही, एकदम होते. पहिल्या काही फेऱ्यांत निभावलेला चालक शेवटच्या फेरीत एकाएकी लुळा का पडला, याचे उत्तर यात आहे. ग्लॉकच्या गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण नंतर सर्वांना पाहायला मिळाले. गाडी मार्गावर ठेवण्यासाठी त्याची चाललेली धडपड त्यात स्पष्ट दिसते.

आणखी एक साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. ग्लॉक हॅमिल्टनच्या पुढे होता तो टायर न बदलल्यामुळेच, आणि मागे पडला तोही टायर न बदलल्यामुळेच. एकाच निर्णयाची ही दोन फळे. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण चुकलेला अंदाज आणि लबाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भौतिकशास्त्र कोणाचे मन वाचू शकत नाही. ग्लॉकच्या मनात काय होते हे कोणतेही सूत्र सांगणार नाही. पण जे घडले ते कोणाच्याही हेतूशिवाय घडू शकले असते का, एवढे ते सांगू शकते. उत्तर ‘होय’ असे आले, की आरोप करणाऱ्याने वेगळा पुरावा आणला पाहिजे. नाहीतर त्याने गप्प बसावे. त्या दिवशी मी वर्गात माझे शब्द मागे घेतले.

शिक्षकबंधुभगिनींनो, यात दोष आपल्याकडेही येतो. ‘घर्षण गुणांक ०.४ आहे असे समजा’ म्हणून आपण गणित घालतो. त्यामुळे मुलांना वाटते की हा आकडा कोष्टकात कायमचा कोरलेला आहे. त्याऐवजी एक फरशी घ्या. जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा तिच्यावर ठेवा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची आणि फरशीखालचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की घर्षण गुणांक मिळाला. हेच फरशी ओली करून करा, मग तिला तेलाचे बोट लावून करा. प्रत्येक वेळी दहा वाचने घ्या. ती एकसारखी येणार नाहीत. ती का येत नाहीत, यावर मुलांना बोलू द्या. माझ्या मते तास खरा तेथून सुरू होतो.

आणि मित्रहो, जून महिन्यात पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा राडा होतो, आणि हमखास कोणीतरी दुचाकीवरून घसरतो. जमलेली माणसे म्हणतात, “चालवता येत नाही तर चालवतात कशाला?” तुम्ही आधी रस्त्याकडे पाहा, मग टायरकडे. टायर झिजून गोटा झाला आहे का ते पाहा. वेग किती होता ते विचारा. कदाचित दोष चालकाचा निघेलही. घर्षण गुणांक ०.७ असताना ताशी ४० किमी वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते, तो ०.३५ झाला की १८ मीटर लागतात. हे ठाऊक असूनही जो पावसात त्याच वेगाने जातो, त्याची बाजू मी घेणार नाही. दोष द्यायला माझी हरकत नाही. तो हिशेब झाल्यावर द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो मुलगा मागच्या बाकावर बसायचा आणि परीक्षेत त्याला गुणही बेताचेच असत. पण पुढे कधी कोणाविषयी मत बनवायची वेळ आली, की मला त्याचा प्रश्न आठवतो: दुसऱ्या गाडीचे काय झाले?