‘कसं वाटतंय?’ विचारणाऱ्यांनो

घरातला कर्ता माणूस विष पिऊन गेला, त्याला चार दिवसही झालेले नसतात. ओसरीवर बायका बसलेल्या असतात. तेवढ्यात गाडी थांबते आणि आमच्या धंद्यातला कुणीतरी मोबाइल पुढे धरून विचारतो, ‘ताई, आता कसं वाटतंय?’ हे मी विदर्भात पाहिलं, मराठवाड्यातही पाहिलं. ती बाई पदर तोंडाला लावते, त्याला हवे ते अश्रू मिळतात, गाडी पुढच्या गावाला निघते. दुसऱ्या दिवशी ‘विशेष मुलाखत’ छापून येते.

मला या प्रकाराची चीड येते आणि ती लपवण्याची मला गरज वाटत नाही. गृहपाठ न करता एखाद्याच्या दारात मुलाखतीला जाणं ही लुबाडणूक आहे. बोलणाऱ्याचा वेळ आणि दुःख तुम्ही फुकट नेता, आणि वाचकाला रिकामं पाकीट देता. तयारी नसलेल्या माणसाला दोनच गोष्टी जमतात. दुबळ्यासमोर तो भावना विचारतो आणि बलवानासमोर मान डोलावतो.

त्या ओसरीवर जाण्याआधी काय वाचायला हवं होतं? राज्य सरकारचा 23 जानेवारी 2006 चा शासन निर्णय. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला 1 लाख रुपयांची मदत त्यात ठरली, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. ही मदत आपोआप मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तिथे तपासलं जातं. कर्ज विनापरवाना सावकाराचं असेल, शेत तोंडी बटाईनं केलेलं असेल, तर त्या घराकडे दाखवायला कागदच नसतो. माणूस जातो आणि फायलीवर ‘अपात्र’ असा शेरा पडतो.

एवढं माहीत असलेला वार्ताहर ‘कसं वाटतंय’ विचारूच शकत नाही, कारण त्याच्याकडे विचारण्यासारखं पुष्कळ असतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे? वारसाचा फेरफार झाला का? तलाठी पंचनाम्याला कधी आले, तेव्हा घरात कोण होतं, जबाबावर सही कुणी केली? सोसायटीची नोटीस आली होती का? सावकाराला शेत खरेदीखत करून लिहून दिलं होतं का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, आणि पुष्कळ घरांना ती माहीतच नसते. असा एक प्रश्न पानभर हळहळीपेक्षा जास्त काम करतो.

आणि त्यासाठी समक्षच जावं लागतं. फोनवर ही मुलाखत होत नाही. अशा घरांत बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. खुंटीला टांगलेली, नाहीतर पेटीत कपड्यांखाली ठेवलेली. तीत पासबुक असतं, सोसायटीचं येणे-बाकीचं पत्र, कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या, आठ-अचा उतारा, शवविच्छेदन अहवालाची झेरॉक्स. पिशवी बाहेर आली की बोलणं बदलतं. बाई एकेक कागद हातात घेते, तारीख बोटानं दाखवते. इतका वेळ तिच्या वतीनं उत्तरं देणारा दीर गप्प होतो, कारण पैसे कुठून आणले आणि कुठे गेले हे तिलाच ठाऊक असतं. म्हणून सरपंचाच्या ओट्यावर, गर्दीत मुलाखत घेऊ नये. तिच्या घरात, ती जिथे रोज बसते तिथे बसावं. रेकॉर्डर लावण्याआधी विचारावं आणि ‘नको’ म्हणाली तर वहीवर भागवावं. लहान मुलांसमोर मरणाचा तपशील काढू नये. ती थांबली की आपणही थांबावं. मधली शांतता भरून काढायची घाई करणाऱ्याच्या हातून अर्धी मुलाखत निसटते.

हे सगळं मराठीत कुणी केलंच नाही असं नाही. अनिल अवचटांनी हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिलं ते त्यांच्यात जाऊन, बसून, बारीकसारीक विचारून. मजुरी किती, काम किती तास, दुखणं कुठलं, याची उत्तरं त्यांच्या लेखनात सापडतात. पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ पत्रकारितेच्या वर्गात नेमलं जातं, तेही अशाच कामासाठी. पुस्तकं नेमायची आणि पद्धत मात्र टाकून द्यायची, हा दुटप्पीपणा आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहा. मंत्र्याची मुलाखत ठरली की स्वीय सहायकाचा निरोप येतो, ‘प्रश्न आधी पाठवा.’ आणि आम्ही पाठवतो! त्यातले नको ते प्रश्न गळतात, उरलेल्यांची उत्तरं जनसंपर्काचा माणूस लिहून ठेवतो, आणि आम्ही बंगल्यावर जाऊन चहा पिऊन ती वाचून घेतो. विधवेला विचारताना ज्याची जीभ अडत नाही, त्याची मंत्र्यापुढे बोबडी वळते. ही कसली हिंमत? उमेदवाराची मालमत्ता, कर्जं आणि गुन्हे जाहीर करणारं शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. ‘कॅग’चे अहवाल विधिमंडळात मांडले जातात. तारांकित प्रश्नांना दिलेली उत्तरं छापील असतात. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. लागोपाठच्या दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून संपत्तीचे आकडे वाचायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ न देणारा माणूस ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ एवढंच विचारू शकतो.

कागदाची ताकद काय असते, ते 1977 साली जगानं टीव्हीवर पाहिलं. रिचर्ड निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणात पायउतार होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. ते मुरलेले राजकारणी आणि मूळचे वकील. समोर मुलाखत घ्यायला बसलेला डेव्हिड फ्रॉस्ट हा गमतीजमतीचे कार्यक्रम करणारा, म्हणून अनेकांनी त्याला हिशेबात धरलं नव्हतं. पण त्याच्यासाठी संशोधकांची तुकडी महिनोन्महिने राबली होती. जेम्स रेस्टन ज्युनिअर यांनी न्यायालयीन दप्तरातून निक्सन आणि त्यांचे सल्लागार चार्ल्स कोल्सन यांच्यातल्या, तोवर फारशा कुणाच्या नजरेत न आलेल्या संभाषणांच्या प्रती शोधून काढल्या. जवळपास 29 तासांचं चित्रीकरण झालं. निक्सन यांचेच शब्द त्यांच्यासमोर वाचले गेले, आणि अखेर आपण अमेरिकी जनतेचा विश्वास मोडला, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं मान्य केलं. फ्रॉस्टनं आवाज चढवला म्हणून हे घडलं नाही. त्याच्या हातात कागद होते.

मुलाखत घेऊन झाल्यावर लिहिण्यातली बेईमानी सुरू होते, तीही बोलून टाकते. वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईच्या तोंडी ‘माझ्या आयुष्यात काळोख दाटला आहे’ असली वाक्यं घातली जातात. ती असं बोलली नव्हती. ती म्हणाली होती, सोसायटीनं पुन्हा कर्ज दिलं नाही, खत उधारीवर घेतलं, पाऊस आला नाही. हा तिचा जबाब आहे आणि त्यात दोषी कोण ते स्पष्ट दिसतं. तुमच्या काळोखात ते सगळे सुटतात. अवतरणचिन्हात बोलणाऱ्याचेच शब्द असले पाहिजेत, यात तडजोड नाही. साध्या माणसाच्या विधानामुळे गावात त्याला त्रास होणार असेल, तर छापण्याआधी ते त्याला वाचून दाखवा, नाव गाळायचं का विचारा. मंत्र्याला मात्र आकडे आणि तारखा तपासण्यापलीकडे काहीही दाखवू नका. आज नेमकं उलटं चाललं आहे. पूर्ण मजकूर मंजुरीला जातो बंगल्यावर, आणि बाईला तिचा फोटो छापल्याचंही कुणी सांगत नाही.

‘वेळ कुठे असतो?’ हे उत्तर मला पाठ आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन मी जाणते. एका दिवसात त्याच्याकडून काय काय मागितलं जातं, तेही जाणते. म्हणूनच माझा पहिला राग त्याच्यावर नाही. संध्याकाळी पाचला ‘तिथली एक रडती बाइट पाठव’ असा निरोप देणाऱ्या संपादकावर आहे. गावात दोन दिवस राहायचं भाडं नाकारायचं आणि सोहळ्याच्या पुरवणीला पानंच्या पानं द्यायची, हे त्याच्याच टेबलावर ठरतं. पण निरोप आला म्हणून ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असं वार्ताहरावर कुठलंही बंधन नाही. तहसील कचेरीत जाऊन प्रकरण कुठे अडलंय हे विचारायला पैसे लागत नाहीत. शासन निर्णय मोबाइलवर वाचता येतो.

म्हणून संपादकांनी एक नियम करावा: जाण्याआधी काय वाचलं, हे वार्ताहरानं सांगितल्याशिवाय त्याला मुलाखतीला पाठवायचं नाही, आणि ते वाचायला लागणारा वेळ त्याला द्यायचाच. प्रश्न आधी मागणाऱ्या मंत्र्याला नकार कळवायचा आणि ‘मंत्र्यांनी प्रश्नांना सामोरं जायला नकार दिला’ असं ठळक छापायचं. वार्ताहरांनीही ठरवावं. ज्या घरात माणूस गेलाय, तिथे कामाचा एकही प्रश्न हाती नसेल, तर त्या ओसरीची पायरी चढण्याचा तुम्हाला हक्क नाही.