बाईचा आवाज कोण काढतंय?

मैत्रिणींनो, गेली चार वर्षं मी कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, ऐकल्या आहेत. डोळ्यांचं दुखणं हे निमित्त. डॉक्टरांनी बारीक अक्षर बंद केलं आणि भाचीने फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. पहिल्या दिवशी मला आजीच आठवली. ती चातुर्मासात देवळात पोथी ऐकायला जायची. बुवा वाचणार, बायका वाती वळत ऐकणार. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कथा सगळ्या पाठ. मात्र सीता, द्रौपदी, अनसूया तिला भेटल्या त्या बुवांच्याच आवाजात. कुठे रडायचं आणि कुठे हात जोडायचे, हेही तो आवाजच सांगायचा.

ऐकणं म्हणजे आळशी वाचन, असं आपल्यातल्याच काही शिकलेल्या जणी म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. बाई पुस्तक घेऊन बसली की साऱ्या घराच्या डोळ्यांवर येते. तीच बाई कानात वायर घालून भाजी निवडत असली तर कुणाची हरकत नसते. शिवाय ही सोय मुळात सुरू झाली ती अंध वाचकांसाठी. अमेरिकेत १९३४ साली त्यांच्यासाठी तबकड्यांवर 'बोलती पुस्तकं' निघाली. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं ध्वनिमुद्रण करायला वेगळी परवानगी लागत नाही. सर्वसाधारण मराठी श्रोत्याला मात्र हे दालन अलीकडेच उघडलं. स्टोरीटेल २०१७ साली भारतात सुरू झाली तेव्हा इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही तिच्यात होती.

आता तक्रारीकडे येते. पुरुष निवेदक आणि बायकी आवाज! एका जुन्या सामाजिक कादंबरीचं वाचन मी तीन तास सोसलं आणि बंद केलं. सासू आली की नाकातून, नवी सून आली की बोबडं, बाजारात बसणारी आली की घोगरं. कादंबरीतल्या पुरुषांसाठी मात्र याला निराळा आवाज काढावा लागत नव्हता. त्यांचा आवाज म्हणजे त्याचा स्वतःचा, सरळ. म्हणजे पुरुष हा माणूस आणि बाई ही नक्कल. लेखकाने जे लिहिलेलं नाही ते निवेदकाने घशातून घातलं.

म्हणून बायकांच्या कादंबऱ्या बायकांनीच वाचाव्यात, असं मात्र मी म्हणणार नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' घ्या. १८९० साली निघालेल्या 'करमणुकी'त ती क्रमशः आली. यमुना स्वतः आपली कहाणी सांगते आणि लिहिणारा पुरुष आहे. त्याला आवाज चिरका करावा लागला नाही, तिच्या बाजूने विचार करावा लागला. मी ऐकलेलं सर्वांत चांगलं वाचनही एका पुरुषाचंच आहे. संथ, सपाट म्हणावं असं. बाई बोलते तिथे तो फक्त जरा थांबतो. उलट काही नट्या शब्दागणिक हुंदके देतात, की ऐकणारीला रडायला जागाच उरत नाही. बलात्काराच्या प्रसंगाखाली सतार आणि तबला वाजवणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! बायकांच्या शोषणाच्या जाहिरातींवर मोर्चे काढणाऱ्या आपण, यावर एक पत्रसुद्धा पाठवत नाही.

पण मला सर्वांत जास्त लागलं ते दुसरंच. वस्तीतल्या आमच्या शनिवारच्या बैठकीत आम्ही एक ग्रामीण कादंबरी स्पीकरवर लावली. पंधरा-सोळा जणी होत्या. नायिका शेतमजूर. वाचणारी बाई चांगली शिकलेली, निवेदन अगदी शुद्ध आणि नायिकेचे संवाद हेल काढून, तमाशातल्या मावशीसारखे. आधी सगळ्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग परभणीकडून आलेली एक मावशी म्हणाली, "ताई, हिचं लेकरू मेलंय ना? मग ही अशी गमतीनं काऊन बोलायली?" बैठक गप्प झाली. ते वाक्य छापील पानावर मी पूर्वी वाचलं होतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. तेच वाक्य ऐकून मी हसले होते.

इथे प्रश्न नुसत्या अभिनयाचा नाही. प्रमाण मराठी ही सांगणारीची भाषा आणि बोली ही गंमत, अशी वाटणी कुणी केली? कविता महाजनांची 'ब्र' ही २००५ ची कादंबरी आदिवासी भागातल्या महिला सरपंचांच्या अनुभवांभोवती फिरते. अशा पुस्तकाला वाचणारी निवडताना तिचा आवाज गोड आहे का एवढंच पाहून कसं चालेल? ती त्या भागात कधी राहिली आहे का, निदान तिथल्या एखादीला शेजारी बसवून उच्चार विचारलेत का, हे पाहायला नको? मेहनत वाढते, पैसे लागतात, हे मला कळतं. आता तर संगणकाचा आवाज आहे. त्याला मेहनताना नको, घसा बसत नाही. अंध मैत्रिणीला सरकारी कागद वाचून दाखवायला तो उत्तमच. कादंबरीला मला तो नको. आणि ज्या बायकांचे आवाज ऐकवून यंत्राला शिकवलं, त्यांना कुणी विचारलं होतं का, हेही आपण विचारलं पाहिजे.

नुसती कुरकूर करून भागणार नाही, म्हणून आम्ही एक उद्योग आरंभला आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांना खुलं होतं. हरिभाऊ १९१९ साली गेले, रमाबाई रानडे १९२४ ला, लक्ष्मीबाई टिळक १९३६ ला, काशीबाई कानिटकर १९४८ ला. काशीबाईंच्या 'पालखीचा गोंडा' या १९२८ च्या कादंबरीत तर बायकांनी चालवलेलं राज्य आहे! हे सगळं कुणालाही वाचून मुद्रित करता येतं. विभावरी शिरूरकर मात्र २००१ पर्यंत हयात होत्या, तिथे परवानगी लागेल.

आम्ही यमुनेपासून सुरुवात केली. फोन उशांच्या मधे ठेवतो म्हणजे घुमत नाही. पंखा बंद, कुकर बंद. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात आणि खोटं वाटलं की हात वर करतात. पहिल्या महिन्यात चार प्रकरणं झाली, त्यातली दोन पुन्हा करावी लागली. परभणीच्या मावशींना वाचता येत नाही, पण सर्वांत जास्त हात त्यांचाच वर जातो. पुढे यमुनेच्या केशवपनाचा भाग यायचा आहे. तो कुणी वाचायचा यावर दोन बैठका झाल्या. माझं नाव सुचवलं गेलं. छापील अक्षर मोठं करून आणू म्हणाल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही.